जागा मिळाली, गणिताचे काय?

वंचित घटकांतील मुलामुलींना अभियांत्रिकीची जागा मिळावी यासाठी देशाने बरेच काही केले. पण वर्गात पाऊल ठेवताच पहिल्या सत्रात गणित आडवे येते. त्या तयारीची जबाबदारी मात्र ना शाळेची राहते, ना महाविद्यालयाची.

दरवर्षी मे ते ऑगस्ट या काळात देशभरातील वृत्तपत्रांत अभियांत्रिकी प्रवेशाच्या बातम्यांची रेलचेल असते. जेईईचा निकाल, राज्यांच्या सीईटी, प्रवेशाच्या फेऱ्या, ‘कट-ऑफ’, कोणत्या शाखेला किती मागणी, कुठे किती जागा रिकाम्या, असा सगळा तपशील वाचकांसमोर येतो. पुढे हिवाळ्यात याच विद्यार्थ्यांच्या पहिल्या सत्राचा निकाल लागतो. त्याची बातमी क्वचितच होते. तो निकाल पाहणाऱ्या प्राध्यापकांना मात्र एक गोष्ट ठाऊक असते. सरकारी शाळेतून, खेड्यातून, पहिल्या पिढीच्या शिक्षणातून आलेली जी मुले मोठ्या कष्टाने इथवर पोहोचली, त्यांच्यापैकी अनेकांची पहिली ठेच गणिताच्या पेपरात लागते. काहींच्या बाबतीत ती ठेच पुढची चार वर्षे भरून निघत नाही.

आपल्याकडील तंत्रशिक्षणाच्या धोरणात गणिताची तयारी ही विद्यार्थ्याने घरून आणायची शिदोरी मानली गेली आहे. ज्याच्या घरी ती आहे, म्हणजे चांगली शाळा, शिकवणी, शिकलेले पालक आहेत, तो ती आणतो. ज्याच्या घरी ती नाही, त्याला आपण आरक्षण देतो, शुल्कमाफी देतो, वसतिगृह देतो आणि वर्गात नेऊन बसवतो. शिदोरीचे मात्र त्याचे त्यानेच पाहायचे असते. ही तयारी अभियांत्रिकी शिक्षणाचाच भाग आहे असे मान्य करून तिच्यासाठी अभ्यासक्रमातच वेळ, शिक्षक, श्रेयांक आणि पैसा द्यायला हवा. तसे केले नाही तर उघडलेल्या दाराचा उपयोग मर्यादित राहील.

शाळेतून आलेले ओझे

दुखण्याचे मूळ शाळेत आहे, यात शंका नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीने २०२३ मध्ये १४ ते १८ या वयोगटाकडे लक्ष वळवले. २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात सुमारे ३५ हजार मुलामुलींना तपासले गेले. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे साधे गणित त्यांपैकी ४३.३ टक्क्यांनाच सोडवता आले. हा भागाकार प्राथमिक शाळेत यावा अशी अपेक्षा असते. याच पाहणीत अकरावी आणि त्यापुढे शिकणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५५.७ टक्के मुले कला शाखेत आढळली. विज्ञान, तंत्रज्ञान व गणिताच्या गटात मुलग्यांचे प्रमाण ३६.३ टक्के होते, तर मुलींचे २८.१ टक्के. म्हणजे अभियांत्रिकीच्या वाटेवर पाऊल ठेवण्यापूर्वीच गाळणी लागलेली असते आणि ती मुलींसाठी अधिक बारीक असते.

केंद्र सरकारच्याच ‘परख’ सर्वेक्षणातून हेच चित्र अधिक स्पष्ट होते. डिसेंबर २०२४ मध्ये देशभर झालेल्या या चाचणीत गणिताची सरासरी कामगिरी तिसरीत ६० टक्के, सहावीत ४६ टक्के आणि नववीत ३७ टक्के होती. ही एकाच मुलांची तीन वेळा केलेली मोजणी नव्हे, हे खरे. तरीही इयत्ता वाढते तशी घसरण वाढते, याकडे डोळेझाक करता येत नाही.

याचे कारण विषयाच्या स्वभावात आहे. इतिहासातले एखादे प्रकरण राहून गेले तरी पुढचे समजू शकते. गणितात अपूर्णांक कच्चे राहिले की बीजगणित डळमळते, बीजगणित डळमळले की त्रिकोणमितीची सूत्रे केवळ पाठ होतात आणि त्रिकोणमिती पाठांतरावर उरली की कलनशास्त्र, म्हणजे कॅल्क्युलस, हाती लागत नाही. सातवीतली उणीव अकरावीत उघडी पडते. तोवर ती कुठून आली हे ना विद्यार्थ्याला आठवते, ना शिक्षकाला दिसते.

ही उणीव भरून काढण्याचा जो रूढ मार्ग आहे, तो पैशाचा आहे. केंद्राच्या २०२५ च्या शिक्षणविषयक नमुना पाहणीनुसार देशातील २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेतात. उच्च माध्यमिक स्तरावर शिकवणीवरचा प्रति विद्यार्थी सरासरी वार्षिक खर्च शहरांत ९,९५० रुपये आहे, तर ग्रामीण भागात ४,५४८ रुपये. सरासरीतले हे दुपटीहून अधिक अंतर कोटा, हैदराबाद वा लातूर इथल्या नामांकित शिकवण्यांच्या शुल्कापुढे किरकोळ ठरते, हे कोणीही पालक सांगेल.

पहिल्या सत्रात काय घडते?

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने म्हणजे ‘एआयसीटीई’ने २०१८ मध्ये जो आदर्श अभ्यासक्रम आखून दिला, त्यात पदवीसाठी १६० श्रेयांक आहेत. पहिल्याच सत्रात कलनशास्त्र आणि रेषीय बीजगणित यांचा चार श्रेयांकांचा पेपर आहे. त्यासाठी आठवड्याला तीन व्याख्याने आणि एक सरावाची तासिका मिळते. बारावीचे गणित पक्के आहे असे गृहीत धरूनच ही मांडणी केलेली आहे. म्हणून ‘हे तुम्ही बारावीत केलेच आहे’ या वाक्याने व्याख्यान सुरू होते आणि पाटीभर गणित सोडवून संपते.

मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याला नेमके काय येत नाही, हे पाहण्यासारखे आहे. संकलनाचे सूत्र त्याला बहुधा पाठ असते. ते वापरण्याआधी राशीचे आंशिक अपूर्णांकांत विभाजन करावे लागते, तिथे तो अडतो. म्हणजे कलनशास्त्राच्या पेपरात तो नापास होतो ते नववी-दहावीच्या बीजगणितामुळे. अशा विद्यार्थ्याला कलनशास्त्राचीच आणखी दहा व्याख्याने दिली तर उपयोग शून्य.

शिवाय ही उणीव एका पेपरापुरती राहत नाही. यामिकीमध्ये बलाचे घटक पाडायला त्रिकोणमिती लागते. विद्युत मंडलांत एकसामयिक समीकरणे आणि संमिश्र संख्या लागतात. आज सर्वांना हवे असलेले संगणकशास्त्र आणि त्याच्या पोटातली कृत्रिम बुद्धिमत्ता तर रेषीय बीजगणित आणि संभाव्यता यांवरच उभी आहे. त्यामुळे गणितात मागे राहिलेला विद्यार्थी एकाच सत्रात तीन-चार विषयांत मागे पडतो.

त्यात भाषेची भर पडते. जेईई मुख्य परीक्षा २०२१ पासून १३ भाषांत देता येते, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण परीक्षा हिंदीत देऊन आलेला बिहारचा वा राजस्थानचा विद्यार्थी वर्गात बसतो तेव्हा त्याचे ‘अवकलन’ आणि ‘समाकलन’ रातोरात इंग्रजी झालेले असतात. आपल्याकडे मराठी माध्यमाच्या मुलाला हा धक्का दोन वर्षे आधी, अकरावी विज्ञानात बसतो, एवढाच फरक. तमिळनाडूत अण्णा विद्यापीठाने २०१० पासून स्थापत्य आणि यांत्रिकी शाखा तमिळमधून सुरू केल्या. २०२१ पासून ‘एआयसीटीई’ने मराठीसह काही भारतीय भाषांतून पदवी अभ्यासक्रमांना परवानगी दिली. ही पावले योग्य दिशेची असली तरी अपूर्णांकांतली उणीव केवळ भाषांतराने भरत नाही.

यापुढचा भाग महाविद्यालयीन बोलीत सर्वांना परिचित आहे: ‘केटी’, मग ‘बॅकलॉग’, मग ‘इयर डाउन’. सुस्थितीतल्या घरच्या मुलासाठी वाया गेलेले वर्ष ही मानहानी असते. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्यासाठी ते आर्थिक संकट असते. शिष्यवृत्ती आणि शुल्क प्रतिपूर्ती यांचे नूतनीकरण पुढच्या वर्गात जाण्याशी जोडलेले असते आणि वसतिगृहाची जागाही बऱ्याचदा त्यावरच अवलंबून असते. एका पेपराने साखळी तुटली की घरचे शेत गहाण पडते, किंवा मुलगी परत गावी जाते.

या सगळ्यात ज्यांचा उल्लेखही होत नाही असा एक वर्ग आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात पदविका करून थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्या विद्यार्थ्यांचा. लहान गावांतली, लवकर हाताला काम हवे असलेल्या घरांतली अनेक मुले हा मार्ग निवडतात. कार्यशाळेत आणि प्रत्यक्ष कामात ती पदवीच्या मुलांपेक्षा सरस असतात. पण पदवीच्या पहिल्या वर्षाचे दोन्ही गणिताचे पेपर त्यांनी केलेले नसतात आणि दुसऱ्या वर्षात पाय ठेवताच लाप्लास आणि फूरिये यांची रूपांतरणे समोर येतात. ज्या मार्गाने सर्वाधिक गरजू विद्यार्थी येतात, त्याच मार्गावर गणिताचा सर्वांत मोठा खड्डा आहे.

गुणवत्तेचा प्रश्न की तयारीचा?

इथे एक जुना वाद डोके वर काढतो. ज्यांची तयारी नाही, त्यांना आत घेताच कशाला, असा प्रश्न विचारला जातो. त्याला उत्तर द्यायला हवे, कारण तो उघडपणे न विचारताही अनेक वर्गांत वावरत असतो.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार आधीच्या पाच वर्षांत आयआयटींतून इतर मागासवर्गीय प्रवर्गातील २,०६६, अनुसूचित जातींतील १,०६८ आणि अनुसूचित जमातींतील ४०८ विद्यार्थी बाहेर पडले. विद्यार्थी दुसरीकडे प्रवेश घेतात, अभ्यासक्रम बदलतात, असे सरकारचे स्पष्टीकरण होते. ते काही अंशी खरेही असेल. किती जण गणितामुळे वा पहिल्या वर्षाच्या निकालामुळे गेले, हे या आकड्यांतून कळत नाही. पण २०१५ मध्ये आयआयटी रुरकीने पहिल्या वर्षाच्या कमी गुणांमुळे ७३ विद्यार्थ्यांना काढून टाकले, तेव्हा त्यांत राखीव प्रवर्गांतील विद्यार्थ्यांचे प्रमाण फार मोठे असल्याच्या बातम्या आल्या होत्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आंदोलने झाली आणि अखेर संस्थेने त्यांना पुन्हा संधी दिली. देशातील अत्यंत कठीण परीक्षेतून निवडलेले विद्यार्थी एका वर्षात नालायक ठरतात, तेव्हा संस्थेच्या शिकवण्याबद्दलही दोन प्रश्न विचारावे लागतात.

संशोधनाचा कौल एकतर्फी नाही. सुरेंद्रकुमार बागडे, डेनिस एपल आणि लोवेल टेलर यांनी आंध्र प्रदेशातील दोनशेहून अधिक अभियांत्रिकी महाविद्यालयांचा अभ्यास करून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडला, की आरक्षणामुळे लाभार्थींचे महाविद्यालयात जाण्याचे प्रमाण वाढले, आणि तयारी नसलेल्या ठिकाणी पाठवल्याने त्यांचे नुकसान होते या भीतीला पुरावा मिळाला नाही. याउलट वेरोनिका फ्रिसांचो आणि कला कृष्ण यांनी एका नामांकित अभियांत्रिकी संस्थेतील एका तुकडीचा अभ्यास केला. त्यात राखीव प्रवर्गातील विद्यार्थी, विशेषतः अधिक मागणी असलेल्या शाखांत, मागे राहत असल्याचे आढळले. ही दोन्ही निरीक्षणे एकत्र वाचली तर अर्थ लागतो. दार उघडणे योग्यच आहे; पण जिथे अभ्यासक्रमाचा वेग सर्वाधिक आणि आधार सर्वांत कमी असतो, तिथे अंतर आपोआप मिटत नाही.

हे अंतर कुवतीचे नाही, याचा एक बोलका पुरावा ‘नेचर’ या नियतकालिकात २०२५ मध्ये आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांची पाहणी केली. भाव, वजन आणि सुटे पैसे यांचा गुंतागुंतीचा हिशेब ही मुले तोंडी, झटपट आणि अचूक करत होती. पण तशाच क्रिया शाळेतल्या पद्धतीने कागदावर मांडल्या की अडत होती. शाळेत जाणाऱ्या मुलांचे बरोबर उलट झाले. बाजारातले गणित आणि वहीतले गणित यांच्यामध्ये पूल नाही, हा त्याचा अर्थ. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात नेमका हाच पूल लागतो.

मदत दारापर्यंतच

आपण काहीच केले नाही असे नव्हे. पाटण्यात २००२ मध्ये सुरू झालेला आनंद कुमार यांचा ‘सुपर ३०’ हा प्रयोग देशभर गाजला. ‘दक्षणा’ प्रतिष्ठान २००७ पासून नवोदय विद्यालयांतील गुणी मुलांना जेईईसाठी तयार करते. त्याचे एक निवासी केंद्र पुणे जिल्ह्यातच आहे. छत्तीसगडच्या ‘प्रयास’ निवासी शाळा, राजस्थानची ‘अनुप्रती’ योजना, महाराष्ट्रातील ‘महाज्योती’चे प्रशिक्षण, केंद्राचे आयआयटी कानपूरच्या साहाय्याने २०२३ मध्ये सुरू झालेले ‘साथी’ हे संकेतस्थळ, अशी यादी वाढवता येईल. तमिळनाडूने २०२१ मध्ये कायदा करून अभियांत्रिकीच्या ७.५ टक्के जागा सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांसाठी ठेवल्या आणि त्यांच्या शुल्काचा भारही उचलला.

या सर्व प्रयत्नांचे मोल मोठे आहे. पण त्यांच्या यशाचे माप एकच आहे: किती जणांना प्रवेश मिळाला. त्यातही प्रवेश परीक्षेची तयारी आणि गणिताची तयारी या दोन गोष्टी नेहमी जुळतातच असे नाही. चार पर्यायांतून उत्तर ओळखण्याचा सराव एकीकडे, आणि एखादे उत्तर पायरी-पायरीने सिद्ध करण्याचा दुसरीकडे. देशात अभियांत्रिकीच्या पदवीच्या सुमारे पंधरा लाख जागा आहेत, त्यांत आयआयटींच्या जेमतेम १८ हजार. वंचित घटकांतील बहुसंख्य विद्यार्थी राज्यांच्या सरकारी आणि विनाअनुदानित महाविद्यालयांत शिकतात. त्यांच्यासाठी प्रवेशानंतर काय आहे? ‘एआयसीटीई’ने सांगितलेला तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम आहे, पण त्याचा हेतू मुलांना नव्या वातावरणात रुळवण्याचा आहे, गणित पक्के करण्याचा नाही.

मार्च २०२१ मध्ये ‘एआयसीटीई’ने याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला होता. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र नसलेल्यांनाही काही अटींवर प्रवेश देण्याची मुभा तिने सुचवली. देशभर टीकेची झोड उठली आणि तत्कालीन अध्यक्ष अनिल सहस्रबुद्धे यांना खुलासा करावा लागला की गणिताचे महत्त्व कमी झालेले नाही, शाखेनुसार लवचिकता देण्याचा हा विचार आहे. गणित हवे की नको यावर तेव्हा हिरिरीने चर्चा झाली. त्या प्रस्तावात अशा विद्यार्थ्यांसाठी सेतू अभ्यासक्रमाचाही उल्लेख होता. तो किती दिवसांचा, कोण शिकवणार, खर्च कोणाचा, हे प्रश्न मात्र त्या गदारोळात मागे पडले. वास्तविक खरी मेख तिथेच होती.

विशेष म्हणजे, तयारी हा शिक्षणाचाच भाग आहे हे तत्त्व देशातील सर्वांत प्रतिष्ठित संस्थांनी केव्हाच मान्य केलेले आहे. जेईई ॲडव्हान्स्डमध्ये अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना आवश्यक गुण मिळाले नाहीत आणि जागा रिकाम्या राहिल्या, तर त्याहून कमी गुण असलेल्यांना आयआयटीत एक वर्षाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमाला घेतले जाते. तिथे गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि इंग्रजी शिकवले जाते, आणि तो पूर्ण केल्यावर पुन्हा जेईई न देता पुढच्या वर्षी पदवीला प्रवेश मिळतो. मूठभर विद्यार्थ्यांसाठी जे योग्य मानले गेले, ते लाखोंसाठी का असू नये?

बासरचे उदाहरण

याचे मोठ्या प्रमाणावरचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. नांदेड जिल्ह्यातील धर्माबादच्या पलीकडे, गोदावरीकाठी बासर आहे. सरस्वतीच्या मंदिरासाठी मराठी माणसाला ते परिचित आहे. तिथे २००८ मध्ये तत्कालीन अखंड आंध्र प्रदेश सरकारने राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाचे एक संकुल उभारले; नुझविड आणि आर. के. व्हॅली येथे आणखी दोन. ग्रामीण भागातील मुलांना दहावीनंतरच, स्वतंत्र प्रवेश परीक्षा न घेता, दहावीच्या गुणांवर प्रवेश द्यायचा आणि सरकारी शाळांतल्या मुलांना थोडे झुकते माप द्यायचे. पुढे सहा वर्षे निवासी शिक्षण: पहिली दोन पूर्वतयारीची, नंतरची चार पदवीची.

या रचनेत दोन गोष्टी साधल्या गेल्या. अकरावी-बारावीची जी दोन वर्षे अन्यत्र शिकवणीच्या बाजाराला आंदण दिलेली असतात, ती विद्यापीठाने आपल्याकडे घेतली. आणि ज्या संस्थेला पुढे अभियांत्रिकी शिकवायचे आहे, तिच्यावरच गणित पक्के करून घेण्याची जबाबदारी आली. तयारी कच्ची राहिली तर दोष देण्यासाठी तिला दुसरे कोणी सापडत नाही.

या प्रयोगाच्या मर्यादाही लपलेल्या नाहीत. राज्याच्या विभाजनानंतर बासर तेलंगणात गेले. २०२२ च्या जूनमध्ये तिथल्या हजारो विद्यार्थ्यांनी नियमित कुलगुरू, पुरेसे अध्यापक आणि किमान सुविधा यांसाठी अनेक दिवस आंदोलन केले. चांगली रचना उभी करून ती शिक्षकांविना चालवली तर काय होते, याचाही हा धडा आहे. पण रचनेतला विचार त्यामुळे चुकीचा ठरत नाही.

इतर देशांचा अनुभवही उपयोगी आहे. अमेरिकेत बर्कले येथे यूरी ट्राइसमन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनशास्त्रात का मागे पडतात याचा शोध घेतला. त्यांच्यात जिद्द कमी नव्हती, घरच्यांचा पाठिंबाही होता. पण ते एकेकटे अभ्यास करत, तर चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसून एकमेकांची गणिते तपासत. ट्राइसमन यांनी ‘कच्च्यांचा वर्ग’ न काढता, अवघड गणिते गटाने सोडवण्याची सत्रे सुरू केली आणि निकाल सुधारले. ओहायोतील राइट स्टेट विद्यापीठाने २००४ मध्ये पहिल्या वर्षाचे गणित अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांकडे दिले. यंत्रे, मंडले यांच्या उदाहरणांतून आवश्यक तेवढे गणित आधी, आणि औपचारिक कलनशास्त्र सवडीने. केपटाऊन विद्यापीठात १९८८ पासून वंचित विद्यार्थ्यांसाठी अभियांत्रिकीचा वेगळा आधार कार्यक्रम आहे. त्यात सुरुवातीचा अभ्यास अधिक काळ घेऊन, अधिक तासिकांसह पूर्ण करता येतो. या तिन्ही ठिकाणी अपेक्षा खाली आणली गेली नाही. वेळ आणि पद्धत तेवढी बदलली.

आता काय करता येईल?

योगायोगाने या घडीला पैसाही उपलब्ध आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये ‘मेरिट’ या नावाची ४,२०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. १७५ अभियांत्रिकी महाविद्यालये आणि १०० तंत्रनिकेतने, अशा २७५ सरकारी व अनुदानित संस्थांत २०२९-३० पर्यंत ती राबवायची आहे. निम्मी रक्कम जागतिक बँकेचे कर्ज आहे. अशा योजनांत प्रयोगशाळा, संशोधन आणि नवोद्यम यांकडे ओढा असतो. पहिल्या वर्षाचे गणित दाखवण्याजोगे नसते. त्याच्या उद्घाटनाची फीत कापता येत नाही. म्हणूनच त्यासाठी निधीचा वाटा सुरुवातीलाच राखून ठेवायला हवा.

त्यातून करण्यासारख्या गोष्टी ठोस आहेत. पहिली, प्रवेशानंतर लगेच प्रत्येक विद्यार्थ्याची निदान चाचणी. तिचे गुण कुठेही धरू नयेत. कोणाला अपूर्णांकांपासून, कोणाला त्रिकोणमितीपासून सुरुवात हवी एवढेच तिने सांगावे. दुसरी, ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी पहिले वर्ष दीड किंवा दोन वर्षांत पूर्ण करण्याची वैध मुभा. नापास होऊन पाच वर्षे लागणे आणि आधी ठरवून पाच वर्षे घेणे, यांत काळ तेवढाच जातो. विद्यार्थी मात्र वेगळा बाहेर पडतो. या तयारीला श्रेयांक मिळावेत, नाही तर ती संध्याकाळी सहानंतरची आणि कोणीच न पाळणारी तासिका बनते.

तिसरी गोष्ट यावाचून अशक्य आहे: शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाचे नियम बदलणे. वाढीव काळ हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे असे केंद्राच्या आणि राज्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजनांनी मान्य केले नाही, तर वेळ घेण्याची मुभा फक्त श्रीमंतांना राहील. चौथी, थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्या पदविकाधारकांसाठी आधीच्या उन्हाळ्यात सहा ते आठ आठवड्यांचा निवासी गणितवर्ग, विद्यावेतनासह. कारण त्या सुट्टीत ही मुले काम करून पैसे मिळवत असतात. पाचवी, शिक्षक. पहिल्या वर्षाचे गणित बहुतेक ठिकाणी तासिका तत्त्वावरच्या, सर्वांत कमी वेतनाच्या अध्यापकाच्या गळ्यात पडते. केंद्राच्या आधीच्या ‘टेक्विप’ योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात मागास राज्यांतील महाविद्यालयांत आयआयटी-एनआयटींतून शिकलेले शेकडो तरुण प्राध्यापक नेमले गेले होते. २०२१ मध्ये योजना संपली तशा त्यांच्या नेमणुकाही संपल्या. ती चूक ‘मेरिट’मध्ये पुन्हा होऊ नये.

आक्षेप दोन आहेत. पहिला, शाळेचे काम महाविद्यालयाने का करावे? शाळा सुधारायला हव्यातच. पण आज सातवीत असलेली मुले महाविद्यालयात यायला सहा वर्षे आहेत, आणि आज पहिल्या वर्षात बसलेल्यांना सांगण्यासारखे आपल्याकडे काहीतरी असायला हवे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वेगळा वर्ग म्हणजे वेगळा शिक्का. जातीवरून ओळखू येणारा ‘कच्च्यांचा’ वर्ग तयार झाला तर उपचार रोगाहून वाईट ठरेल. म्हणून निवड प्रवर्गावरून न होता निदान चाचणीवरून व्हावी, गटात सर्व थरांतले विद्यार्थी असावेत आणि त्यांना सोपे नव्हे, खरे गणित द्यावे. ट्राइसमन यांच्या प्रयोगाचे सार हेच होते.

अखेरीस एक साधी मागणी, जिला फारसा खर्च येत नाही. प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाला आज प्रवेशाचे आणि नोकऱ्यांचे आकडे जाहीर करावे लागतात. त्यांच्या जोडीला पहिल्या सत्रातील गणिताचा निकालही जाहीर व्हावा. सरकारी आणि खासगी शाळा, शिक्षणाचे माध्यम, पदविका आणि बारावी, मुली आणि मुलगे, सामाजिक प्रवर्ग अशा तपशिलासह, विद्यार्थ्यांची नावे न येता. मूल्यांकनाच्या वेळी तो विचारात घेतला जावा. वृत्तपत्रांनीही जूनच्या ‘कट-ऑफ’इतकीच जागा फेब्रुवारीतल्या या निकालाला द्यावी. कोणत्या संस्थेने किती जणांना आत घेतले हे आपण वर्षानुवर्षे मोजत आलो. आत आलेल्यांपैकी किती जणांना तिने शिकवले, हे मोजायला आता सुरुवात करावी लागेल.